शब्दाचा पुरावा

ब्लाउजचं वरचं हूक शनिवारी सकाळी ऐन घाईत तुटलं, म्हणून द्वारकाबाईनं नवऱ्याच्या, म्हणजे मास्तरांच्या, डब्यांना हात घातला. एरवी ती तिकडे फिरकत नसे. खिडकीखालच्या फळीवर बिस्किटांचे पत्र्याचे सात डबे ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर अक्षरांचा कागद चिकटवलेला. घरात ज्वारीचं पीठ ठेवायला एक धड झाकणाचा डबा नव्हता, पण शब्द ठेवायला सात होते. टाचण्यांची डबी त्यातल्याच एखाद्यात असते एवढं तिला ठाऊक होतं. पहिल्या चारांत नव्हती. पाचवा उघडला, त पासून न पर्यंतचा, आणि डबी नाही पण एक टाचणी सापडली. ती एका चिठ्ठीत घुसलेली होती. चिठ्ठीवर मास्तरांचं मोत्यासारखं अक्षर : ‘निरोध. नाम, पुल्लिंगी. मूळ संस्कृत : नि हा उपसर्ग, रुध् म्हणजे अडवणे. एक : अटकाव. दोन : मनाच्या धावेला घातलेला आवर. तीन : संततिनियमनाचे एक साधन, अलीकडचा सरकारी वापर. पुरावा सोबत जोडला आहे.’ आणि खाली, पुरावा म्हणून, ते लाल त्रिकोणाचं पाकीट. एका कडेनं ब्लेडनं नीट कापलेलं, रिकामं, आणि बरोबर मधोमध टाचणी आरपार.

आधी तिला लाज वाटली. पोरांपैकी कुणी डबा उघडला असता तर, या विचारानं तिनं मागं वळून पाहिलं. पोरं शाळेत गेली होती, घरात तिच्याखेरीज कुणी नव्हतं. मग तिनं टाचणी उपसली आणि पाकीट खिडकीच्या उजेडात धरलं, का धरलं ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. उजेडाचा एक ठिपका आरपार आला. पुढून भोक, मागून भोक. चिठ्ठीच्या कोपऱ्यात मास्तरांनी शिरस्त्याप्रमाणे तारीख आणि वार घातला होता : गुरुवार. गुरुवारी संध्याकाळी ते पाकीट घरात आलं होतं, हे तिला पक्कं आठवत होतं. रविवारी मास्तरांचं मंडळ बसलं, तेव्हा ते चिठ्ठीला टाचलेलंच होतं. आणि पाकिटातलं पहिलं बाहेर निघालं ते त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे टाचणी आत घुसली तेव्हा पाकीट भरलेलं होतं. तिन्हीच्या तिन्ही एकावर एक रचलेली आणि त्यांच्या पोटातून टाचणी. द्वारकाबाई खाली बसली. ब्लाउज तसाच उघडा, हातात टाचणी. पाळी चुकून अठरा दिवस झाले होते.

अठरा दिवस ती स्वतःची समजूत घालत होती. उन्हाळा आहे, अंगात रक्त नाही, उपास जास्त झाले, माहेरी फुलंब्रीला जाऊन आलो तेव्हा एसटीनं हाडं खिळखिळी केली, त्यानं मागंपुढं होत असंल. शेजारच्या बिल्किसलाही तिनं हेच सांगितलं होतं. ‘आपण तर ते वापरलं होतं की,’ हे वाक्य तिनं मनात किती वेळा म्हटलं असेल. देवाचं नाव घ्यावं तसं घेत होती. सरकार सांगतं, भिंती सांगतात, रेडिओ सांगतो, मग सगळं खोटं कसं असंल? सरकार खोटं बोललं नव्हतं. दुकानदारानं फसवलं नव्हतं. मास्तरांनी टाचलं होतं. दुसऱ्या कुणाच्या नवऱ्यानं दारू पिऊन घोळ घातला असता, विसरला असता, नाही म्हणाला असता, तर चार बायका जमवून त्याच्या नावानं बोटं मोडता आली असती. या माणसाच्या नावानं काय सांगणार? की चिठ्ठीला पुरावा जोडताना ह्यांनी माझ्या जिवात टाचणी घातली? तिच्या डोक्यात अशी तिडीक गेली की सातही डबे उचलून रस्त्यावर भिरकवावेत.

पुराव्याशिवाय शब्द घ्यायचा नाही, हा मास्तरांचा नेम होता. सगळ्या मराठवाड्याच्या बोलीचा कोश करायचा म्हणून आठ वर्षं ते चिठ्ठ्या लिहीत होते, आणि प्रत्येक चिठ्ठीला काहीतरी टाचायचे. वर्तमानपत्राचं कात्रण, लग्नपत्रिकेचा तुकडा, उदबत्तीच्या पुड्याचा कागद. नुसतं कागदावर भागलं असतं तरी ठीक होतं. ‘दातवण’ला बाभळीची काडी टाचली, तिला कीड लागली आणि अर्धा डबा पोखरला. ‘हिमरू’ला पुरावा पाहिजे म्हणून तिच्या बापानं लग्नात दिलेल्या शालीच्या पदराचा दोन बोटं तुकडा कापला. तिनं शाल उलगडली तेव्हा कोपरा गायब. “अगं, आतल्या बाजूचा घेतलाय, घडीत दिसत नाही,” मास्तर म्हणाले होते, आणि वर हिमरू शब्द फारसीतून कसा आला ते उभ्या उभ्या समजावून सांगितलं होतं. शाल कुठून आली हे मात्र त्यांच्या ध्यानात नव्हतं. त्या दिवशीच या माणसापुढं हात टेकायला पाहिजे होते, असं तिला आता वाटलं. तेव्हा ती हसली होती. नवरा हुशार आहे, पेपरात त्याचं पत्र छापून येतं, काकासाहेबांसारखा रिटायर हेडमास्तर घरी चहाला येतो, याचं तिला कौतुक होतं.

आणि मास्तर वाईट माणूस नव्हते, हीच तर पंचाईत होती. हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी तिला सांगितलं होतं की ते अकरा वर्षांचे असताना पोलीस अ‍ॅक्शन झाली आणि त्यांची शाळाच बदलली. तोवर अलिफ-बे गिरवलेलं, हिशेबसुद्धा उर्दूत केलेला. मग दिवाळीनंतर एक नवे मास्तर आले आणि म्हणाले, आता मराठीतून. बापानं संस्कृतची शिकवणी लावली. बाजारातल्या पाट्या उतरल्या, नव्या चढल्या. “मला कळेना, कालपर्यंत ज्याला सबक म्हणत होतो त्याला आज धडा का म्हणायचं, आणि मग खरं कोणतं?” असं म्हणताना त्यांचे डोळे त्या अकरा वर्षांच्या पोरासारखे झाले होते, आणि सोळा वर्षांच्या द्वारकेचा जीव त्यांच्यावर जडला होता. तेव्हापासून ते प्रत्येक शब्दाला विचारत सुटले होते, बाबा रे, तू कुठला, कुणाचा, केव्हा आलास. माणसाला असं काही विचारायचं राहूनच गेलं. पंधरा वर्षांत तिला त्यांनी कधी विचारलं नव्हतं, तुझं काय चाललंय. ती हाकेच्या अंतरावर होती, चहा वेळेवर येत होता, म्हणजे तिचं बरं चाललं असणार.

चार बाळंतपणं. पहिली पोरगी, मग एक पोरगा बारा दिवसांचा होऊन गेला, मग एक पोरगी आणि शेवटी धाकटा. धाकट्याच्या वेळी रक्त थांबेना. दवाखान्यात दोन दिवस ती कुठं होती तिला ठाऊक नव्हतं. एवढंच आठवत होतं की वरचा पंखा फार हळू फिरत होता आणि तो थांबला की आपण संपलो, असं तिनं ठरवून टाकलं होतं. तो थांबू नये म्हणून ती डोळे मिटत नव्हती. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना आत बोलावलं आणि तिच्यादेखत सांगितलं, “पुन्हा दिवस राहिले तर हिच्या जिवाची खात्री मी देणार नाही. आता काहीतरी केलंच पाहिजे.” मास्तरांनी मान हलवली. काहीतरी म्हणजे काय हे त्यांनी विचारलं नाही आणि बाईंच्या दारात तोवर पुढची उभी होती. घरी आल्यावर केलं ते द्वारकाबाईनंच. तिनं आपलं अंथरूण स्वयंपाकघरात नेलं. पाच वर्षं ती पाट्या-वरवंट्याशेजारी झोपली. मास्तरांनी तेही सहन केलं, कुरकूर केली नाही. त्या वर्षांत त्यांचे चार डबे भरले. पण एकदा पहाटे पाणी प्यायला उठलेले मास्तर तिच्या उशाशी नुसतेच उभे राहिलेले तिनं पाहिले. तांब्या हातात, पाणी प्यायचं विसरलेले. तिलाही बाई म्हणून काही वाटत होतंच, ती काही वरवंटा नव्हती. त्याच दिवशी तिनं जीव मुठीत धरून तो विषय काढला.

“येताना ते आणा,” ती म्हणाली होती.

“काय?”

“ते. भिंतीवर लिव्हलेलं. लाल तिकोनाखाली.”

मास्तर सायकलची हवा बघत होते. क्षणभर लाजले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर तो उजेड आला जो शब्द सापडला की येतो. सरकारनं नाव किती सुंदर निवडलंय, ते म्हणाले. विलायती नाव ठेवता आलं असतं, पण नाही. रुध् धातू. त्याच्यापासून विरोध, अवरोध, अनुरोध, सगळी भावंडं. शास्त्रांत हा शब्द मन आवरण्यासाठी आलाय, ऋषिमुनींच्या तोंडचा शब्द, आणि आज तो पानपट्टीवर मिळतो, म्हणजे बघ. पायानं पंप दाबत ते बोलत होते आणि ती अंगणात उभी होती, रांगोळीचा डबा हातात, जीव मेटाकुटीला आलेला. बोलाचाच भात अन् बोलाचीच कढी. “अर्थ ऱ्हाऊ द्या वो,” ती म्हणाली, “वस्तू आणा.” असं एकदा नाही, पाच-सहा सकाळी चाललं. संध्याकाळी रिकाम्या हातानं यायचे आणि शब्दाची आणखी एक बाजू सांगायचे. गुलमंडीवरचा दुकानदार ओळखीचा, त्याचा पोरगा वर्गात. पैठण गेटवरचा काकासाहेबांचा भाडेकरू. शहरभर मास्तरांचे विद्यार्थी दुकानं मांडून बसले होते. शेवटी एका गुरुवारी ते सायकल मारत थेट मुकुंदवाडीपर्यंत गेले, तिथल्या एका टपरीवर थांबले आणि टपरीवाल्याला, त्यानं काही विचारलं नसताना, म्हणाले, “अभ्यासासाठी पाहिजे.”

हे त्यांनी घरी येऊन मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं, आणि ती पोट धरून हसली होती. आता चिठ्ठी मांडीवर घेऊन बसल्यावर तिला कळलं की ते थाप मारत नव्हते. अभ्यासासाठीच घेतलं होतं त्यांनी. बायकोसाठी ते मागता येत नव्हतं, म्हणून आधी त्याचा शब्द करावा लागला, शब्दाची चिठ्ठी करावी लागली, चिठ्ठीला पुरावा लागला. त्या संध्याकाळी घरात आल्या आल्या ते पाकीट तिच्या हाती पडलं असतं तर? तिनं ते मिरचीच्या डब्यामागं ठेवलं असतं, धड ठेवलं असतं. पण ते थेट टेबलावर गेलं. टाचलं गेलं की ते मास्तरांचं झालं, चारचौघांत दाखवता येईल असं झालं. आणि दाखवलंच त्यांनी. त्या रविवारी मंडळ बसलं, काकासाहेब आणि बिल्किसचा नवरा शफीमियां, जे मास्तरांच्याच शाळेत उर्दू शिकवायचे. पडद्याआड ती चहा गाळत होती आणि बाहेर तासभर त्या शब्दाचं चाललं होतं. शफीमियां म्हणाले, जुन्या छावणीतले शिपाई ह्याला टोपी म्हणायचे, माझ्या वालिदनं ऐकलेलं आहे. काकासाहेब म्हणाले, हल्ली पोरं ह्याला फुगा म्हणतात आणि फुगवून फिरतात, लाज नाही. मग तिसरा अर्थ छापायचा की गाळायचा, यावर वाद. कोश मुलींच्या हाती जाईल, गाळा. नाही, बोलीत आहे तर पाहिजे. इतका शहाणा, इतका सभ्य वाद की त्यात बाई म्हणून कुणी कुठं नव्हतीच. शेवटी चिठ्ठी हातोहात फिरली आणि मास्तरांचा आवाज तिनं अगदी स्पष्ट ऐकला होता, “जपून, काकासाहेब. टाचणी आहे. बोटाला लागेल.”

बोटाला लागेल! द्वारकाबाईला रडू आलं नाही, हसूही आलं नाही. तीन शिकलेली माणसं, पन्नास वर्षांची मास्तरकी त्यांच्यात, आणि तिघांनीही आपापली बोटं सांभाळली. एकाच्याही डोक्यात आलं नाही की आत काय आहे आणि टाचणी कुठून गेलीय. तिच्या पोरीला आलं असतं. दळण घेऊन येणाऱ्या साळूबाईला आलं असतं, जिला स्वतःचं नाव लिहिता येत नाही. फुग्याला टाचणी लावल्यावर काय होतं हे कळायला कोणता धातू लागतो? ती उठली, ब्लाउजला टाचणी लावली, तीच टाचणी, आणि भिंतीपलीकडे बिल्किसला हाक मारली.

बिल्किसनं चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली, तिला मराठी वाचता येत नव्हतं, पण भोक वाचता आलं. “या अल्ला,” ती म्हणाली, आणि तोंडावर पदर धरला. तिला हसू फुटलं होतं आणि ती ते दाबत होती. मग द्वारकाबाईचा चेहरा पाहून ते आपोआप गेलं. “अठरा दिनां हुए?”

“व्हय.”

“और तू उपास-उपास करके बैठी थी. पागल.” बिल्किसनं तिचा हात हातात घेतला. “सुन. नवा कायदा झालाय म्हणे. हमारे शफीमियां पेपर पढ़ के सुनाए थे. दवाखान्यात सांगायचं, ऐसा ऐसा हुआ, साधन वापरलं फिर बी राहिलं. डॉक्टर काढून देते. चोरी नक्को, छुपना नक्को. पर जल्दी जाना. देर मत कर.”

“मला भ्या वाटतंय गं,” द्वारकाबाई म्हणाली. ती हे मोठ्यानं पहिल्यांदाच बोलत होती. “ठिवलं तरी भ्या, काढलं तरी भ्या. माझी धाकटी दोन अजून दुधावरच्या सायीसाठी भांडतात. मी गेले तर ह्या माणसाला त्यांचे कपडे कुठं ठिवलेत ते बी माहीत नाय. त्यो कापड शब्द कुठून आला ते सांगंल.”

“जाती कहाँ? मैं हूँ ना,” बिल्किस म्हणाली. मंगळवारी बायकांची तपासणी असते, तेव्हा पोरांना आपण सांभाळू, असंही तिनं सांगून टाकलं.

शनिवारची सकाळची शाळा सुटून मास्तर साडेबाराला घरी आले. सायकल लावली, पाय धुतले, पाटावर बसले. ताटात भाकरीच्या जागी चिठ्ठी होती. त्यांनी चष्मा वर केला. पहिल्यांदा त्यांच्या तोंडून निघालं, “अगं, ही इकडे कशी आली? क्रम बिघडेल.” आणि द्वारकाबाई, जी सकाळपासून ठरवत होती की शांतपणे सांगायचं, तिचा तोल गेला.

“क्रम बिघडंल?” ती म्हणाली. “माझा बिघडला की! अठरा दिवस झाले. बघा जरा, नीट बघा, टाचणी कुठून गेलीय. अन् कव्हा गेलीय ते बी तुम्हीच लिव्हून ठिवलंय.”

मास्तरांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. शब्दाचा चुकीचा अर्थ वर्षानुवर्षं शिकवत आलो हे कळल्यावर माणसाचा चेहरा जसा होत असेल तसा त्यांचा हळूहळू होत गेला. तिला वाटलं, आता हे काहीतरी बोलतील. माझं चुकलं म्हणतील, निदान द्वारके म्हणून हाक मारतील. मनाच्या एका कोपऱ्यात तिला त्यांची कीवही येऊ लागली होती, आणि त्या कीव येण्याचाही तिला संताप येत होता. पंधरा वर्षं हेच झालं होतं, चूक त्यांची आणि वाईट हिला वाटायचं.

“डॉक्टरीणबाईंना,” मास्तर घसा साफ करत म्हणाले, “असं सांगता येईल का, की पाकीटच सदोष होतं? म्हणजे मूळचंच. कारखान्यातूनच.”

कीव गेली ती गेलीच. “म्हंजी लबाडी करायची?”

“लबाडी नव्हे. तपशील गाळायचा. शाळेत कळलं तर… काकासाहेबांना कळलं तर… आठ वर्षांचं काम आहे, द्वारके. लोक हसतील त्याला.”

द्वारके म्हणाले होते ते. पाहिजे होतं तेव्हा नाही, काम वाचवायला. “हसूं द्या,” ती म्हणाली. “तुमचं काम हसण्यावारी जाईल, माझं काय जाईल ते ठाव हाय ना? मंगळवारी रजा टाका. तुम्ही संगं यायचं, अन् काय झालं ते तुम्ही सांगायचं. मी नाय सांगनार. शब्द तुमचा हाय.” मग तिनं चिठ्ठी उचलून बाजूला ठेवली आणि ताटात भाकरी वाढली, कारण माणूस उपाशी होता आणि दुपार झाली होती. मास्तरांनी ती खाल्ली. रविवारी मंडळ आलं तेव्हा त्यांनी दारातच बरं नाही म्हणून सांगितलं. ना ताप, ना खोकला, यावरून काकासाहेबांनी काय ओळखलं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक.

मंगळवारी बायकांच्या विभागात रांग होती. पुरुष बाहेर लिंबाखाली बसले होते, कुणी तंबाखू मळत, कुणी तोंडावर टॉवेल टाकून. मास्तर सायकलचं कुलूप उघडत होते आणि पुन्हा लावत होते. द्वारकाबाई बाकावर बसून वरच्या पंख्याकडे बघायचं टाळत होती. शेजारी एक पोरसवदा बाई होती, फुलंब्रीकडचीच; ती पाचव्या वेळेला होती आणि खुशीत होती. द्वारकाबाईला तिच्या खुशीचा राग आला, मग आपल्या रागाची लाज वाटली. नाव पुकारलं, ती आत गेली. त्याच डॉक्टरीणबाई, केस तेवढे पांढरे झालेले. त्यांनी तपासलं, हात धुतले, टॉवेलला पुसले आणि म्हणाल्या, “दिवस गेलेत बाई. सातवा आठवडा संपलाय. मी तुम्हाला सांगितलं होतं ना?”

“सांगितलं व्हतं. आम्ही वापरलं बी व्हतं.”

“मग?”

“त्यांना बोलवा. त्यांना ठाव हाय.”

मास्तर आत आले. टोपी काढून हातात धरली. अख्खा वर्ग काबूत ठेवणारा माणूस, त्यांना उभं कुठं राहावं कळेना, पडद्याजवळ राहिले. डॉक्टरीणबाईंनी फॉर्म ओढला. “साधन निकामी ठरलं असं लिहायचं तर कसं ते मला कळलं पाहिजे. काय झालं?”

द्वारकाबाई त्यांच्याकडे बघत नव्हती. फळीवरच्या कापसाच्या बोळ्यांकडे बघत होती. आता हे ‘सदोष’ म्हणतात की काय, याची ती वाट पाहत होती, आणि तसं म्हणाले तर आयुष्यभर या माणसाच्या ताटात भाकरी वाढायची, पण त्याच्याशी बोलायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं.

“मी त्याला टाचणी लावली,” मास्तर म्हणाले.

“काय?”

“टाचणी. मी शब्दकोश करतो. चिठ्ठीला जोडलं होतं पाकीट. माझ्या लक्षात आलं नाही.” आवाज फाटला होता. “माझ्याच हातून झालं. हिचा काही दोष नाही.”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे एकदा पाहिलं, जन्मभर असंच काहीबाही ऐकत आलेल्या बाईसारखं, आणि लिहायला घेतलं. शुक्रवारी सकाळी अनशापोटी घेऊन या, त्या म्हणाल्या. धोका आहेच, पण ठेवण्यापेक्षा फार कमी, आणि रक्ताची बाटली मी आधीच सांगून ठेवते. द्वारकाबाईच्या छातीतली एक गाठ तीन आठवड्यांनी सैल झाली. मग बाईंनी दुसरा फॉर्म काढला, गुलाबी, आणि तो मास्तरांच्या पुढं सरकवला. “आणि मास्तर, पाकिटं-बिकिटं पुरे झाली. हिच्या अंगात आणखी एका ऑपरेशनचं त्राण नाही. तुम्ही करून घ्या. पुरुषांचं दहा मिनिटांचं काम असतं, चालत घरी जाल. त्याच शुक्रवारी करते.”

मास्तरांनी फॉर्म हातात घेतला. नेहमीप्रमाणे त्यांची नजर शीर्षकावर गेली, तिथल्या ‘नसबंदी’ या शब्दावर, आणि तिला वाटलं, आता ह्याचाही धातू काढतील. पण त्यांनी मान वर केली. चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी आधी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, मग द्वारकाबाईकडे, आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

“फार दुखतं का हो?”

पाणी द्यायला आलेली नर्स दारातच थबकली. चार बाळंतपणं, एक मेलेलं पोर, दोन दिवसांचं रक्त. एवढ्या काळात हा प्रश्न या माणसाच्या तोंडून एकदाही निघाला नव्हता, आणि आज निघाला तो असा. डॉक्टरीणबाई उत्तर देणार एवढ्यात द्वारकाबाईनं टेबलावरचं पेन उचललं, टोपण काढलं आणि मास्तरांच्या बोटांत दिलं. इंजेक्शनच्या रांगेत धाकट्याला सांगायची तसं तिनं सांगितलं,

“नाय दुखत. मुंगी चावती तेवढंच. करा सही.”